लेडी म्हणू, वुमन म्हणू की अजून काही? इंग्रजीत बायकांना नक्की काय म्हणायचं

निळी_छत्री

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी मूळची कोरेगावची, आता दीड वर्ष झालं इंग्लंडात, नॉटिंगहॅमजवळच्या एका छोट्या गावात. इथल्या एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. शाळा मराठी माध्यमातली, पण नंतर पुण्यात बारा वर्षं ऑफिसात काढली आहेत त्यामुळे इंग्रजीची भीती अशी नाही. तरी गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोनदा अडकले आणि दोन्ही वेळा घोटाळा बायकांबद्दलच्या शब्दाचाच.

पहिला प्रसंग. ऐंशीच्या घरातल्या एक आजी काउंटरसमोर उभ्या, रेनकोटवरून पाणी टपकतंय, हातात औषधाचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेला. मी फोन उचलला आणि आत नर्सला सांगितलं, 'देअर इज अ वुमन हिअर फॉर यू.' आजी बोलल्या काहीच नाहीत, पण अशा बघितल्या की मला वाटलं मी त्यांना 'ए बाई' म्हणाले. शेजारी बसणारी माझी सहकारी नंतर हळूच म्हणाली, अगं समोर उभ्या असलेल्या बाईबद्दल बोलताना 'लेडी' म्हणायचं, 'वुमन' म्हटलं की तुटक लागतं.

बरं. लक्षात ठेवलं. तर दोनच दिवसांनी हीटिंग बिघडलं म्हणून एक मुलगी आली दुरुस्तीला, कमरेला पान्यांचा पट्टा, दहा मिनिटांत बॉयलर उघडून बसली. मी मॅनेजरला मेल टाकला, 'लेडी इंजिनिअर आली आहे.' ते वाचून आमच्याकडची सव्वीस वर्षांची पोरगी मला म्हणाली, लेडी इंजिनिअर का लिहिलंस? पुरुष आला असता तर जंटलमन इंजिनिअर लिहिलं असतंस का? चिडून नाही, चांगल्या शब्दांत म्हणाली, पण मला रात्रभर ते डोक्यातून जाईना.

म्हणजे वुमन म्हटलं तरी चुकतं आणि लेडी म्हटलं तरी चुकतं. मग बोलायचं काय? गर्ल? फिमेल? मॅडम? आपल्याकडे मॅडम म्हटलं की प्रश्न मिटायचा, इथे मॅडम म्हटलं की लोक मागे वळून बघतात. पुस्तकातले नियम नकोत, लोक खरंच काय बोलतात आणि तुम्ही काय बोलता ते सांगा.

डाळिंबी_उसळ

चांगला विषय. वाचतेय.

रात्रपाळी

छत्री, मी ग्लासगोत नर्स आहे, नऊ वर्षं झाली. तुझ्या सहकारी बाईचं बरोबर आणि त्या पोरीचंही बरोबर. दोन जागा वेगळ्या आहेत. माणूस समोर उभा आहे आणि तू तिसऱ्याला त्याच्याबद्दल सांगतेस तेव्हा 'धिस लेडी' म्हणायचं, 'धिस जंटलमन' म्हणायचं. कामाच्या हुद्द्याच्या आधी मात्र लेडी लावायचं नाही. नुसतं इंजिनिअर, नुसतं डॉक्टर. एखाद्या पेशंटला बाईच डॉक्टर हवी असेल तर तिथे 'फिमेल डॉक्टर' किंवा 'वुमन डॉक्टर' म्हणतात कारण तिथे ती माहिती कामाची आहे.

आणि इथल्या हाका ऐकशील तर हसशील. ग्लासगोत बायकांना 'हेन' म्हणतात. हेन! मी आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका आजोबांचं ब्लडप्रेशर घेतलं तर म्हणाले 'थँक्यू हेन'. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, मला पेशंट कोंबडी म्हणाला. आता कोणी हेन म्हटलं नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

निळी_छत्री

रात्रपाळी, आमच्याकडे 'डक' आहे! बसचा ड्रायव्हर रोज सकाळी 'मॉर्निंग मी डक' म्हणतो. मी आधी अवघडले, मग बघितलं तर तो मागच्या धिप्पाड माणसालाही डकच म्हणत होता.

डाळिंबी_उसळ

एकीकडे कोंबडी एकीकडे बदक, आख्खं खुराडं जमलं की :)

वाईचा_मास्तर

शिक्षकी पेशात चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तेव्हा थोडं मूळ सांगतो, कंटाळा आला तर पुढे जा.

'लेडी' हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या 'हलाफ्दिगे' पासून आला. 'हलाफ' म्हणजे पाव, ज्याचा आज 'लोफ' झाला, आणि पुढचा भाग मळणारीचा. म्हणजे लेडी ही कणीक मळणारी. आणि 'लॉर्ड' हा 'हलाफवेअर्ड', भाकरीची राखण करणारा. घरात धान्य ज्याच्या ताब्यात तो लॉर्ड आणि ते शिजवून सगळ्यांच्या पानात पडेल असं बघणारी ती लेडी. आपल्या घरात फडताळाच्या किल्ल्या जिच्या कमरेला असायच्या तीच ही. त्यामुळे शब्दात मान आहे तो घरातल्या सत्तेचा आहे, पुढे तो घराण्याचा झाला, मग सगळ्यांचाच झाला.

'वुमन' आला 'विफमन' वरून. तेव्हा 'मन' म्हणजे कुठलाही माणूस आणि 'विफ' म्हणजे स्त्री. 'वाइफ' म्हणजे बायको हा अर्थ नंतर घट्ट झाला, आधी वाइफ म्हणजे नुसतीच बाई. आणि गंमत म्हणजे आपल्याही 'बायको' आणि 'बायका' मध्ये तेच आहे बघा, एकवचनात नवऱ्याची आणि अनेकवचनात जगातल्या सगळ्या.

'गर्ल' तर तेराशेच्या सुमाराला मुलगा मुलगी दोघांनाही चालायचा, आपण 'पोरं खेळताहेत' म्हणतो तसा.

सांगायचा मुद्दा, शब्दाचं मूळ काही असो, आज ऐकणाऱ्याच्या कानाला काय लागतं ते खरं. वर्गात मी मुलांना लेडी टीचर, लेडी डॉक्टर असंच शिकवलंय. आज छत्रीताईंची ती सव्वीस वर्षांची पोरगी वाचून वाटलं की मी ते वेगळं शिकवायला हवं होतं.

रात्रपाळी

मास्तर, तुमच्या 'वाइफ म्हणजे बाई' मुळे एक आठवलं. 'मिडवाइफ' मधला मिड म्हणजे जुन्या भाषेत 'सोबत' आणि वाइफ म्हणजे ती बाळंत होणारी बाई. बाईच्या सोबत असणारं माणूस ते मिडवाइफ. म्हणून इथे पुरुष सुईणीलासुद्धा मिडवाइफच म्हणतात, वेगळा शब्द लागतच नाही. आमच्याकडे एक होता, सहा फुटी, बायका खूश असायच्या त्याच्यावर.

बोरिवली_स्लो

अवांतर करतो पण आपल्याकडच्या 'लेडीज'चं काय? 'एक लेडीज उभी होती', 'त्या लेडीजला विचार', 'लेडीज बायकांनी या बाजूला यावं' हे आमच्या स्टेशनवर रोज ऐकतो. अनेकवचनाचं एकवचन करून टाकलंय आपण आणि कोणाला खटकत नाही. लेडीज डबा, लेडीज टेलर, लेडीज सीट. १९९२ च्या मे महिन्यात पश्चिम रेल्वेने चर्चगेट बोरिवली लेडीज स्पेशल चालू केली तेव्हा माझी आई पहिल्या काही दिवसांत त्या गाडीने आलेली, घरी येऊन म्हणाली होती की आज पहिल्यांदा खिडकीजवळ उभं राहून वारा खाल्ला. त्या गाडीचं नाव 'वुमन स्पेशल' असतं तर तिला काय फरक पडला असता? माझ्या मते काहीच नाही. गाडी वेळेवर यावी एवढंच.

मधली_सुट्टी

+१ बोरिवली. आईचा वारा आवडला.

हिंजवडी_फेज_३

मी सात वर्षं अमेरिकन कस्टमरचे कॉल घेतले आहेत, रात्री साडेआठ ते पहाटे साडेपाच. ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवसापासून 'सर' आणि 'मॅम'. प्रत्येक वाक्यात एकदा तरी आलंच पाहिजे, नाही आलं तर क्वालिटीवाले मार्क कापायचे. मग एका रात्री एका कॉलवर खर्जातला आवाज आला, मी सर सर सर करत वीस मिनिटं बोललो, खातं उघडून दिलं, पैसे परत मिळवून दिले, सगळं केलं आणि शेवटी पलीकडून शांतपणे आलं, 'आय ॲम अ वुमन, बाय द वे. माय व्हॉइस इज लाइक धिस सिन्स माय सर्जरी.' मला काय बोलावं सुचेना. दोनदा सॉरी म्हणालो. ती म्हणाली इट्स ओके हनी, यू फिक्स्ड माय प्रॉब्लेम. फोन ठेवल्यावर मी उठून पाणी प्यायला गेलो आणि पाच मिनिटं तिथेच उभा राहिलो.

त्यानंतर मी नाव विचारून नावच वापरायला लागलो. मार्क कापले गेले दोन महिने, मग मी टीम लीडला ते रेकॉर्डिंग ऐकवलं, त्याने वर सांगितलं आणि आमच्या प्रोसेसमध्ये तरी 'आवाजावरून सर मॅम ठरवू नका' असं लेखी आलं.

ऑस्टिन_कट्टा

फेज ३, तुमच्या या अनुभवाला सलाम. आम्ही टेक्सासमध्ये अठरा वर्षं आहोत आणि इथे 'मॅम'ची गोष्ट वेगळीच आहे. इथली पोरं आईलासुद्धा 'येस मॅम' म्हणतात. माझी मुलगी शाळेत लागली आणि महिन्याभरात मला घरी 'येस मॅम' म्हणायला लागली, मी म्हटलं अगं मी तुझी आई आहे, ऑफिसातली मॅडम नाही. इथे ते संस्कार समजतात. बालवाडीतल्या बाईंना 'मिस' आणि पुढे पहिलं नाव, लग्न झालेलं असो नसो. आपल्या 'सुमनताई' सारखंच.

पण हेच मॅम मी कॅलिफोर्नियात एका दुकानात साधारण माझ्याच वयाच्या बाईला म्हटलं तर ती म्हणाली डू आय लुक दॅट ओल्ड? तिकडे मॅम म्हणजे 'काकू'. आपल्याकडे पस्तिशीच्या बाईला रिक्षावाला पहिल्यांदा काकू म्हणतो तेव्हा जे होतं ना, तेच.

घोळक्याला मात्र इथे 'यॉल' आहे, त्यात बाई बुवा सगळे मावतात. बाकी अमेरिकेत चार बायका बसलेल्या असल्या तरी वेटर 'हाय गाइज' म्हणत येतो.

स्पष्ट_बोलतो

मला हे सगळं जरा जास्त वाटतंय. कोणाचा अपमान करायचा हेतू नसेल तर शब्दाला एवढं धरून बसू नये. माझी आजी सगळ्यांना 'अगं बाई' म्हणायची, कोणी तक्रार केली नाही. लेडी इंजिनिअर म्हणणं हे कौतुकच आहे ना, की बघा बाई असून हे काम करतेय. तीस वर्षांपूर्वी 'लेडी कंडक्टर' दिसली की लोक अभिमानाने सांगायचे. उद्या तेही बोलायचं नाही म्हणाल तर माणसं बोलायचीच बंद होतील.

जुनं_पासबुक

स्पष्ट_बोलतो, रागावू नका, पण 'बाई असून' या दोन शब्दांतच सगळं आलं. मी बँकेत छत्तीस वर्षं नोकरी केली, १९८१ ला लागले. शाखेत मी एकटी. मला बाहेरच्या माणसांशी ओळख करून देताना 'या आमच्या लेडी ऑफिसर' असं म्हणायचे. म्हणणाऱ्याच्या मनात खरंच कौतुक असायचं, मला माहीत आहे. पण ऐकणारा काय करायचा? माझ्याकडे हसून बघायचा आणि कर्जाचे कागद शेजारच्या टेबलावर न्यायचा. पुढे माझी बदली झाली तिथे मॅनेजर नुसतं म्हणाले, 'कर्जाचं या बघतात.' कागद माझ्या टेबलावर आले. शब्द एक गेला, काम आलं. म्हणून मी त्या पोरीच्या बाजूची.

आणि आता फॉर्मवरच्या त्या छोट्या चौकोनांबद्दल बोलायलाच हवं. मिस्टर, मिसेस, मिस. बुवा जन्मभर मिस्टर. बाईने मात्र खातं उघडतानाच सांगायचं लग्न झालंय की नाही. कितीतरी बायका माझ्या काउंटरला यायच्या, नवरा गेलेला, फॉर्मवर पेन थांबायचं. मिसेसवर खूण करू का हो? असं विचारायच्या. मी म्हणायचे करा की, आणि मग त्यांना वाटायचं मी चुकीचं सांगतेय. आपल्याकडे सौ. गेलं की श्रीमती लावायचं, त्यामुळे मराठीत श्रीमती म्हणजे विधवा असंच लोकांनी धरलंय. हिंदीत श्रीमती म्हणजे लग्न झालेली. सरकारी कागदावर मात्र कुठल्याही बाईला श्रीमती. एकच शब्द, तीन अर्थ, आणि मधे ती बाई पेन धरून उभी.

वाईचा_मास्तर

पासबुकताई, हे शिकवताना मला कधी सुचलं नाही. धन्यवाद.

तुम्ही मिसेस आणि मिसचं काढलंत म्हणून सांगतो, दोन्ही एकाच 'मिस्ट्रेस' चे संक्षेप आहेत. लग्नाचा त्याच्याशी आधी संबंध नव्हता, मिसेस म्हणजे घरची किंवा धंद्याची मालकीण. लग्नावरून वाटणी नंतर झाली. मग ती वाटणी मिटवायला 'मिझ' आलं, लिहिताना एम आणि एस. १९०१ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या एका वर्तमानपत्रात कोणीतरी ते सुचवलं होतं, अगदी साध्या कारणासाठी, की समोरच्या बाईचं लग्न झालंय का हे माहीत नसताना काय लिहावं. साठ वर्षं कोणी विचारलं नाही. पुढे शीला मायकल्स या स्त्री-हक्कांसाठी झटणाऱ्या अमेरिकन बाईंनी ते उचलून धरलं, १९७२ ला त्या नावाचं मासिकच निघालं आणि न्यूयॉर्क टाइम्सने तर १९८६ मध्ये ते छापायला सुरुवात केली. पंच्याऐंशी वर्षं लागली दोन अक्षरांना.

डाळिंबी_उसळ

आणि आपल्याकडे अजून 'माझी मिसेस' चालूच आहे. 'मिसेसला घेऊन या जेवायला.' मी आल्यावर मला कोणी नाव विचारत नाही, मी फडणीसांची मिसेस. (आडनाव बदललंय.)

तिसरा_पंच

खेळातलं सांगू का. विम्बल्डनमध्ये अजून 'लेडीज सिंगल्स' आणि 'जंटलमेन्स सिंगल्स' आहे, तिथे दोन्हीकडे मानाचाच शब्द म्हणून मला ते चालतं. पण तिथल्या विजेत्यांच्या फलकावर बायकांच्या नावाआधी मिस किंवा मिसेस असायचं आणि पुरुषांच्या आधी काहीच नाही. त्यातही लग्न झालेलीचं नाव नवऱ्याच्या आद्याक्षरांनी. १९८१ ला क्रिस एव्हर्ट जिंकली तर फलकावर मिसेस जे. एम. लॉइड. जे. एम. हा नवरा, त्याने ती मॅच खेळलीच नव्हती! हे २०२२ मध्ये काढलं त्यांनी, आता बायकांचीही आद्याक्षरं आणि आडनाव.

स्केटिंगच्या जागतिक संघटनेने २०२१ ला स्पर्धेच्या नावातलं 'लेडीज' काढून 'विमेन' केलं. त्याच वर्षी सप्टेंबरात क्रिकेटच्या कायद्यांत, ते कायदे सांभाळणाऱ्या लंडनच्या एमसीसी क्लबने 'बॅट्समन' काढून 'बॅटर' केलं. तेव्हा खूप लोकांनी आरडाओरडा केला होता. आणि मराठीत बघा, आपण आधीपासून 'फलंदाज' म्हणतो. सांगलीची स्मृती मानधना पण फलंदाज आणि तेंडुलकर पण फलंदाज, रेडिओवर कॉमेंट्री ऐकताना कधी शब्द अडला नाही. आपल्या भाषेने न बोलता करून ठेवलेलं काम आहे हे.

बोरिवली_स्लो

जे. एम. ने मॅच खेळलीच नव्हती, हे भारी. पण तिसरा_पंच, गोलंदाज आणि फलंदाज ठीक, 'हवाई सुंदरी'चं काय करायचं? इंग्रजीवाले एअर होस्टेसवरून केबिन क्रूवर कधीचे गेले, आपल्या पेपरात अजून सुंदरी उडतेय.

रात्रपाळी

माझी मावसबहीण त्या नोकरीत आहे बोरिवली. विमानात आग लागली तर नव्वद सेकंदांत सगळ्यांना बाहेर काढायचं ट्रेनिंग असतं त्यांना. सुंदरी म्हटलेलं तिला अजिबात आवडत नाही.

मडगांवचो

गोव्यातून लिहितोय, मराठी कोंकणी दोन्ही घरात. आमच्याकडे लहान मुलीला प्रेमाने 'बाय' म्हणतात, कानाला इतकं गोड लागतं. तोच शब्द घाटावर गेला की 'बाई' होऊन धुणीभांड्यावाली होतो याचं मला लहानपणापासून आश्चर्य वाटतं. मुक्ताबाई, बहिणाबाई, अहिल्याबाई, इतकी थोर माणसं ज्या शब्दाने ओळखतो तो शब्द आज 'आमची बाई आली नाही आज' मध्ये येऊन बसलाय. इंग्रजीतल्या 'मॅडम'चंही तेच झालं ना? फ्रेंचमधलं 'माझी स्वामिनी', तिकडे राणीला म्हणायचे आणि तोच शब्द कुंटणखाना चालवणारीलाही.

जुनं_पासबुक

मडगांवचो, मनातलं बोललात. आमच्या शाळेत सगळ्या बाई होत्या, 'कुलकर्णी बाई', 'शेख बाई'. त्या हाकेत धाकही होता आणि मायाही. आता नातीच्या शाळेत मिस आणि मॅम आहेत. नात मला म्हणाली आज्जी, टीचरला बाई म्हणायचं नसतं, ते रूड आहे. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं.

कोर्टाची_पायरी

वकील आहे, कोल्हापूर. स्पष्ट_बोलतो यांना म्हणून सांगते, हा फक्त परदेशातला विषय नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने न्यायाधीश आणि वकिलांसाठी एक पुस्तिकाच काढली, बायकांबद्दल निकालात आणि अर्जात कुठले शब्द टाळायचे त्याची. हाऊसवाइफ नको होममेकर लिहा, स्पिन्स्टर नको अनमॅरिड वुमन लिहा, करिअर वुमन नको नुसतं वुमन लिहा, ईव्ह टीझिंग नको, रस्त्यावरचा लैंगिक छळ लिहा. शेवटचा तर मला फार मोलाचा वाटतो. टीझिंग म्हटलं की चेष्टामस्करी वाटते, आणि माझ्यासमोर बसलेली मुलगी तीन महिने कॉलेजला गेलेली नसते.

आणि 'फिमेल' बद्दल. छत्री, तो शब्द नाम म्हणून वापरू नकोस. फिमेल वॉर्ड, फिमेल पेशंट चालतं. 'अ फिमेल केम' असं म्हटलं की पोलीस पंचनाम्यासारखं वाटतं. आमच्याकडच्या कागदात 'एक फिमेल वय अंदाजे ३०' असं असतं, ते बहुतेक वेळा प्रेताचं वर्णन असतं. जिवंत माणसाला ते लावू नये.

स्पष्ट_बोलतो

कोर्टाची_पायरी, ईव्ह टीझिंगचं पटलं, पूर्ण पटलं. माझी स्वतःची मुलगी कॉलेजात आहे. पासबुकताईंच्या कागदांचंही पटलं, माझ्या डोळ्यासमोर ते टेबल आलं. पण गर्ल, लेडी, मॅम हे सगळं वजन करून बोलायचं म्हटलं तर साध्या माणसाचा जीव दडपतो हेही खरं आहे, विशेषतः ज्याची भाषाच ती नाही त्याचा. ज्या बायका त्याला हसतात त्यांनी पण थोडं समजून घ्यावं.

रात्रपाळी

हे मान्य. आणि समजून घेतात, बहुतेक जणी घेतात. मी पहिल्या वर्षी सगळ्या नर्सेसना 'सिस्टर' म्हणत फिरले, आपल्याकडची सवय. इथे सिस्टर हा हुद्दा आहे, वॉर्डची प्रमुख. एक नवी पोरगी लाजून म्हणाली, मला अजून दहा वर्षं लागतील तिथे पोचायला, पण थँक्यू. आणि सर्जन बाईंना डॉक्टर म्हटलं तर त्या म्हणाल्या 'मिस'. इथे पूर्वी सर्जन हे डिग्रीवाले डॉक्टर नसायचे, न्हाव्याच्या धंद्यातून आलेले, म्हणून अजून सर्जन झालं की डॉक्टर सोडून मिस्टर नाहीतर मिस होतात आणि त्याचा अभिमान बाळगतात. लग्न झालेल्याही मिसच राहतात बऱ्याच जणी.

गर्लचं सांगायचं राहिलं. 'गर्ल्स नाइट आउट' आम्ही आमच्यात म्हणतो, पन्नाशीच्या बायका पण म्हणतात, मजेत. बॉसने 'अकाउंट्समधल्या गर्ल्सना विचार' म्हटलं की तेच कडू लागतं. 'यंग लेडी' लहान मुलीला दटावताना म्हणतात, मोठीला म्हणू नकोस.

मधली_सुट्टी

सुईणीपासून सर्जनपर्यंत आलो. रात्रपाळी, तुम्ही यावर वेगळा धागा काढा.

वाईचा_मास्तर

एक शेवटचं. आनंदीबाई जोशी १८८६ ला अमेरिकेत जिथे डॉक्टर झाल्या त्या कॉलेजच्या नावात 'वुमन' होतं, विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. रखमाबाई लंडनला शिकल्या ते कॉलेजही 'फॉर विमेन'. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं त्याच्याही इंग्रजी नावात विमेन्स. त्याच वर्षी दिल्लीत सुरू झालेलं कॉलेज मात्र लेडी हार्डिंग, कारण लेडी हा व्हाइसरॉयच्या बायकोचा किताब. ज्यांनी बायकांसाठी स्वतः दारं उघडली त्यांनी साधा 'वुमन' निवडला असं माझ्या मनात येतं, आणि त्या शब्दाला तुटक म्हणवत नाही मला.

निळी_छत्री

बापरे, चार दिवस शिफ्टमुळे आले नाही तर इतकं सगळं. सगळ्यांचे मनापासून आभार, फेज ३ तुमचा कॉल मी दोनदा वाचला.

काल त्या आजी परत आल्या. तोच रेनकोट. मी ठरवूनच ठेवलं होतं, म्हटलं, मागच्या वेळी मी तुमच्याबद्दल 'अ वुमन' म्हणाले, तुम्हाला वाईट वाटलं असेल तर माफ करा. त्या क्षणभर गोंधळल्या. मग म्हणाल्या, वुमनचं काही नाही ग, आहेच मी वुमन. पण माझं नाव तुझ्यासमोर स्क्रीनवर होतं आणि तू माझ्याकडे न बघता फोनवर बोललीस.

मी लगेच स्क्रीन बघितली आणि 'मिसेस' आणि आडनाव असं मोठ्याने वाचलं. तर त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, मिसेस नाही, मिस. लग्न केलंच नाही मी, एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, या गावातली अर्धी माणसं मला मिस म्हणतात. इथे कधीतरी कोणीतरी मिसेस टाकलं, दोनदा सांगितलं, बदललं नाही, मग सोडून दिलं.

मी तिथल्या तिथे रेकॉर्ड उघडलं, यादीतून मिस निवडलं आणि मॉनिटर त्यांच्याकडे फिरवून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि नीट वाचलं. मग मी फोन उचलला आणि आत नर्सला सांगितलं, मिस अमुक आल्या आहेत, या वेळी त्यांच्याकडे बघत.

जाताना म्हणाल्या, 'ता, डक.' (ता म्हणजे इथलं थँक्यू.)

जुनं_पासबुक

छत्री, फोनवर वाचतेय, अक्षरं धूसर झाली. त्या बाईंना पुढच्या वेळी माझा नमस्कार सांग, बँकेतल्या एका बाईकडून म्हणून सांग.

हिंजवडी_फेज_३

एक विचारू? यादीत एम-एसवालं मिझ पण होतं का? आमच्या सॉफ्टवेअरमध्ये अजून नाहीये, मी उद्या ते घालायची मागणी टाकतोय.

निळी_छत्री

होतं. त्यांना विचारलं मी. नको म्हणाल्या, मिसच हवंय.